श्वासाची राखण

(ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे नाव सर्वांच्या लक्षात राहते. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे नाव मात्र क्वचितच कोणी विचारते. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी हैदराबादच्या एका वर्गात एक पारशी मुलगी भूल देण्याची विद्या शिकली आणि पुढे तेच तिचे जीवनकार्य झाले. त्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांची ही ओळख.)

आमच्या वर्गातील एका मुलाचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. पंधरा दिवसांनी तो शाळेत आला, तेव्हा सगळी मुले त्याच्याभोवती गोळा झाली. ऑपरेशन कोणी केले, टाके किती पडले, खायला काय देत होते, अशा प्रश्नांची नुसती झोड उठली. त्याने ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे नाव सांगितले. रात्री पाणी देणाऱ्या परिचारिकाबाईंचे नावही त्याला आठवत होते. मग मी त्याला विचारले, की तुला भूल कोणी दिली? तो गप्प झाला. डोक्याजवळ कोणीतरी उभे होते आणि त्यांनी अंक मोजायला सांगितले, एवढेच त्याला आठवत होते. सहापर्यंत मोजले आणि पुढचे काही कळलेच नाही, असे तो म्हणाला.

मुलांनो, ते डोक्याजवळ उभे असलेले कोणीतरी म्हणजे भूलतज्ज्ञ. ऑपरेशन संपेपर्यंत ते तेथून हलत नाहीत. पोटावर काय चालले आहे हे एक डॉक्टर पाहतात, आणि श्वास चालू आहे की नाही हे दुसरे डॉक्टर पाहतात. पहिल्या डॉक्टरांच्या हातून रोग बरा होतो, पण दुसऱ्यांच्या राखणीवाचून पहिल्यांना हात घालता येत नाही.

ही विद्या नवी आहे. पूर्वी शस्त्रक्रिया म्हणजे मोठे संकट होते. सुश्रुताच्या ग्रंथात शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला मद्य देण्याचा उल्लेख आहे. इब्न सीना यांनी आपल्या वैद्यकग्रंथात वेदना कमी करण्यासाठी अफूचा उपयोग सांगितला आहे. पण अशा औषधांनी वेदना थोडी बोथट होई, नाहीशी होत नसे. चार धडधाकट माणसे रोग्याला धरून ठेवत आणि वैद्य घाईघाईने हात चालवत. अनेक जण ऑपरेशनपेक्षा मरण पत्करत.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रोग्याला ईथर नावाच्या द्रवाची वाफ हुंगवली आणि त्याच्या मानेवरची गाठ शल्यवैद्याने काढली. रोग्याने आरडाओरड केली नाही. ही वार्ता जगभर गेली. पुढच्याच वर्षी, म्हणजे मार्च १८४७ मध्ये, कलकत्त्याला ईथरचा उपयोग झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात जेम्स सिम्प्सन या डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म वापरून पाहिला. क्लोरोफॉर्मला वास गोड, तो थोडासा पुरे आणि माणूस लवकर बेशुद्ध होई. १८४८ च्या जानेवारीत तो हिंदुस्थानातही पोचला.

परंतु त्याच महिन्यात एक वाईट बातमी आली. इंग्लंडमधील हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढून घेण्यासाठी खुर्चीवर बसली. तिला क्लोरोफॉर्म हुंगवला आणि काही मिनिटांतच ती मरण पावली. ती जवळपास तुमच्याच वयाची होती आणि दुखणे एका नखाचे होते. क्लोरोफॉर्मने वेदना जाते, पण कधी कधी जीवही जातो, हे जगाला कळले. असे का होते? आधी श्वास थांबतो की आधी हृदय थांबते? या प्रश्नावर युरोपातील डॉक्टरांत दोन पक्ष पडले आणि वाद चाळीस वर्षे चालला. या वादाचा एक मोठा अध्याय घडला तो लंडनमध्ये नव्हे, तर हैदराबादेत.

हैदराबाद आपल्याला परके नाही. आपले अचलपूर, ज्याला त्या काळी एलिचपूर म्हणत, हे एकेकाळी वऱ्हाडच्या इमादशाहीच्या राजधानीचे शहर होते. पुढे वऱ्हाड निजामांच्या राज्यात आले. १८५३ च्या तहाने इंग्रजांनी वऱ्हाडचा कारभार हाती घेतला, तरी नावाने मुलूख निजामांचाच होता आणि तो कारभार हैदराबादेतील इंग्रज रेसिडेंट पाहत असे. एलिचपूर तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अमरावती जिल्ह्यात सामील झाला. मराठवाडा तर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता. म्हणून हैदराबादची ही हकीकत आपल्या घरचीच आहे.

हैदराबादेत १८४६ साली निजाम नासिरुद्दौला यांच्या काळात एक वैद्यकशाळा सुरू झाली. तेथे शिकवले जाई ते पाश्चात्त्य वैद्यक, पण शिकवण्याची भाषा होती उर्दू. परीक्षा उतरणाऱ्यास हकीम ही पदवी मिळे. शरीरातील हाडे, रक्ताभिसरण, औषधांचे गुणधर्म हे सगळे विद्यार्थी उर्दूतून शिकत. उर्दू शाळेत शिकणाऱ्या तुम्हा मुलांना याचा आनंद वाटेल. विद्या कोणत्याही एका भाषेच्या मालकीची नसते. ती शिकवणारा आणि शिकणारा यांना कष्टांची तयारी हवी.

१८८५ मध्ये डॉ. एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सीचे सर्जन म्हणून हैदराबादेत आले. वैद्यकशाळेचा कारभारही त्यांच्याकडे होता. ते एडिंबरोला शिकलेले होते आणि तेथील नामवंत शल्यवैद्य जेम्स साइम यांचे शिष्य होते. लॉरी यांनी शाळेत दोन मोठे बदल केले. शिकवण्याची भाषा उर्दूऐवजी इंग्रजी केली आणि शाळेचे दार मुलींसाठी उघडले. पहिल्या बदलामुळे अनेकांची गैरसोय झाली असेल. दुसऱ्या बदलाने मात्र मोठे काम झाले. त्या काळी पडदा पाळणाऱ्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे येत नसत. दुखणे अंगावर काढत आणि पुष्कळदा त्यातच त्यांचा शेवट होई. स्त्रियांना स्त्री डॉक्टरच हव्या होत्या.

१८८५ मध्ये पाच मुलींनी या वैद्यकशाळेत प्रवेश घेतला. त्यांतील एक होती रूपाबाई फर्दुनजी.

रूपाबाई पारशी होत्या. पारशी समाज व्यापार आणि विद्या या दोन्हींत पुढे होता. आपल्या वऱ्हाडातल्या खामगावच्या कापसाच्या व्यापारातही हैदराबादच्या पेस्तनजी या पारशी पेढीचे नाव जुने आहे. पण व्यापारी समाजातील मुलीने घराबाहेर पडून वैद्यक शिकावे, ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती. हे साल ध्यानात घ्या. आपल्या महाराष्ट्राच्या आनंदीबाई जोशी तेव्हा अमेरिकेत शिकत होत्या. त्यांना पदवी मिळाली ती १८८६ मध्ये. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मुलींना प्रवेश मिळू लागून दोनच वर्षे झाली होती. म्हणजे रूपाबाई वर्गात जाऊन बसल्या, तेव्हा पुढे चालणाऱ्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

या वैद्यकशाळेत लॉरी यांनी भूल देण्याच्या शिक्षणाला फार महत्त्व दिले. इतर अनेक ठिकाणी भूल देणे हे किरकोळ काम समजले जाई. हाताशी जो कोणी असेल, त्याने रुमालावर क्लोरोफॉर्म टाकून रोग्याच्या नाकाशी धरावा, अशी रीत होती. ज्याच्या हाती रुमाल, त्याचे डोळे मात्र ऑपरेशनकडे लागलेले असत. लॉरी यांना हे मान्य नव्हते. भूल देणाऱ्याने जखमेकडे पाहायचेच नाही, त्याने फक्त रोग्याच्या श्वासाकडे पाहायचे, अशी त्यांची शिकवण होती.

ही शिकवण काय होती ते पाहू या, कारण रूपाबाईंचे पुढचे सारे आयुष्य तिच्यावर उभे आहे.

रोग्याला पाठीवर आडवे निजवावे, बसवू नये. गळ्याभोवतीचे आणि छातीवरचे कपडे सैल करावेत, म्हणजे श्वास अडणार नाही आणि छाती-पोटाची हालचाल डोळ्यांना दिसेल. क्लोरोफॉर्मबरोबर भरपूर हवा मिळू द्यावी, नाकतोंड दाबून बंद करू नये. रोगी घाबरून धडपडू लागला, श्वास कोंडून धरू लागला, तर कापड थोडे दूर न्यावे. कारण कोंडलेल्या श्वासानंतर तो जो मोठा श्वास घेईल, त्याबरोबर नको इतकी वाफ आत जाईल. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद होतो, म्हणून हनुवटी वर आणि पुढे उचलून धरावी. डोळ्याच्या बुबुळाला हलकेच स्पर्श करून पाहावा. पापणी मिटली नाही, तर भूल पुरेशी झाली असे समजावे आणि क्लोरोफॉर्म थांबवावा. श्वासात घरघर आली किंवा तो मंद झाला, तर सगळे सोडून आधी श्वासाची वाट मोकळी करावी आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास द्यावा.

यातले एकही वाक्य नुसते पाठ करून भागणारे नव्हते. वर्गात ऐकायचे, मग शस्त्रक्रियागृहात गुरूंच्या शेजारी उभे राहून पाहायचे आणि मग त्यांच्या नजरेखाली स्वतः करायचे, अशी ही शिकण्याची रीत होती. पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तसेच हे. विचार करा, की समोर एक माणूस निजला आहे. त्याच्या घरची माणसे बाहेर बसली आहेत. तुमच्या हातात औषधाची बाटली आहे. दोन थेंब कमी पडले तर तो वेदनेने तळमळेल आणि दहा थेंब जास्त झाले तर तो पुन्हा उठणार नाही. आजच्यासारखी यंत्रे तेव्हा नव्हती. डोळे, कान आणि बोटे हीच यंत्रे. अशा कामासाठी केवढा संयम लागत असेल! हे काम रूपाबाई विद्यार्थिदशेतच शिकल्या.

त्याच काळात हैदराबादेत ते गाजलेले क्लोरोफॉर्म कमिशन बसले. लॉरी यांचे म्हणणे असे, की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो आणि हृदय नंतर. म्हणून श्वासावर लक्ष ठेवले तर धोका नाही. लंडनच्या पुष्कळ डॉक्टरांचे म्हणणे याच्या उलट होते. नुसत्या वादाने प्रश्न सुटत नाही, प्रयोग करून पाहिले पाहिजेत, असे ठरले. निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने खर्चाची जबाबदारी घेतली. १८८८ मध्ये पहिले कमिशन झाले. शंभराहून अधिक कुत्र्यांवर प्रयोग केले गेले आणि निष्कर्ष लॉरी यांच्या मताप्रमाणे निघाला.

लंडनच्या 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकाला हा निष्कर्ष पटला नाही. तेव्हा लॉरी यांनी एक धाडसी गोष्ट केली. तुमचाच माणूस इकडे पाठवा आणि त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा प्रयोग करू, असे त्यांनी कळवले. निजाम सरकारने त्यासाठी एक हजार पौंड देऊ केले. १८८९ च्या ऑक्टोबरमध्ये डॉ. टॉमस लॉडर ब्रंटन हे लंडनचे मोठे औषधतज्ज्ञ हैदराबादेत दाखल झाले. ते आले तेव्हा त्यांचे मत लॉरी यांच्या विरुद्ध होते. लॉरी, ब्रंटन, डॉ. बॉमफर्ड आणि हैदराबादचे डॉ. रुस्तमजी हकीम यांचे दुसरे कमिशन बसले. या खेपेस चारशेहून अधिक प्रयोग झाले. कुत्री, माकडे, शेळ्या, घोडे, ससे असे अनेक प्राणी त्यांत होते. मुक्या जनावरांचे हे हाल वाचून तुम्हांला वाईट वाटेल आणि तसे वाटायलाच हवे. आज अशा प्रयोगांवर कडक नियम आहेत. प्रयोगांच्या शेवटी ब्रंटन यांनी आपले मत बदलले आणि तसे तारेने लंडनला कळवले. अहवाल १८९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. हिंदुस्थानातल्या एका संस्थानी शहरातील वैद्यकशाळेचे नाव जगभरच्या डॉक्टरांच्या तोंडी झाले.

या कमिशनच्या कामात रूपाबाईंनीही हातभार लावला. बाहेरगावचे विद्वान येतात, प्रश्न विचारतात, शंका घेतात, एकाच प्रयोगाची पुन्हा पुन्हा तपासणी होते, हे सारे त्यांना जवळून पाहता आले. आज आपण ज्याला परिषद म्हणतो, तिचा खरा अर्थ हाच आहे. आपापल्या गावी केलेले काम चार जाणकारांपुढे मांडायचे आणि त्यांनी दाखवलेली चूक ऐकून घ्यायची.

१८८९ मध्ये रूपाबाई हकीम ही पदवी मिळवून बाहेर पडल्या. त्यानंतर १९१७ पर्यंत त्यांनी हैदराबादच्या दवाखान्यांत भूलतज्ज्ञ म्हणून काम केले. रेसिडेन्सीचा दवाखाना, अफजलगंजचा दवाखाना आणि पुढे स्त्रियांसाठी निघालेला व्हिक्टोरिया जनाना दवाखाना ही त्यांच्या कामाची ठिकाणे. भूल देणे हेच आपले काम म्हणून पत्करणाऱ्या त्या जगातील पहिल्या स्त्री डॉक्टर मानल्या जातात. जनाना दवाखान्यात येणाऱ्या बायकांना किती दिलासा वाटला असेल, याची कल्पना करा. पडद्याआडून आलेली, भेदरलेली एखादी बाई टेबलावर निजते आणि तिच्या डोक्याशी उभी असलेली डॉक्टरही स्त्रीच असते.

रूपाबाईंच्या आयुष्यातील मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट पुढेच आहे. १९०९ मध्ये त्या एडिंबरोला गेल्या. तोपर्यंत त्यांना काम करून वीस वर्षे झाली होती. हात सरावलेला होता, नाव झाले होते. आता नवे शिकायचे काय राहिले, असे म्हणून त्या घरी बसू शकल्या असत्या. पण भूल म्हणजे शेवटी वायू आणि वाफा यांचा खेळ. द्रवाची वाफ किती वेगाने होते, उष्णता वाढली की काय होते, एक वायू दुसऱ्यात कसा मिसळतो, हे समजल्यावाचून भूल पुरती समजत नाही. भूलशास्त्राचा वेगळा अभ्यासक्रम तेव्हा नव्हता. म्हणून रूपाबाईंनी पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र या विषयांचा अभ्यास करून पदविका मिळवली. वीस वर्षे डॉक्टर असलेली बाई सातासमुद्रापलीकडे जाऊन पुन्हा बाकावर बसली. ज्या शहरात क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू झाला आणि जेथे त्यांचे गुरू शिकले, त्याच शहरात शिष्याही शिकली.

त्या परदेशी जाण्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर १९०८ मध्ये, हैदराबादेवर मोठे संकट आले होते. मुसा नदीला महापूर आला आणि हजारो माणसे वाहून गेली. अफजलगंजचा दवाखानाही त्या पुरात उद्ध्वस्त झाला. पुढे तेथेच उस्मानिया दवाखान्याची भव्य इमारत उभी राहिली. परदेशातून परत आल्यावर रूपाबाई आपल्याच शहरात पुन्हा कामाला लागल्या. १९२० मध्ये चादरघाट येथील दवाखान्याच्या अधीक्षक म्हणून त्या निवृत्त झाल्या. ज्या शाळेत पाच मुली भीत भीत शिरल्या असतील, त्याच शहरातल्या दवाखान्याचा सगळा कारभार त्यांतील एकीच्या हाती आला होता. तोपर्यंत, १९१८ मध्ये, हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले होते आणि तेथे उर्दू ही पुन्हा उच्च शिक्षणाची भाषा झाली होती.

आता त्या जुन्या वादाचे पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. नाहीतर गोष्ट अर्धी राहील. १९११ मध्ये लंडनचे डॉ. गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले, की क्लोरोफॉर्मची भूल अर्धवट असताना हृदयाचे ठोके एकाएकी विस्कळीत होऊन ते थांबू शकते. श्वास थांबण्याची वाट मृत्यू पाहतोच असे नाही. म्हणजे हैदराबादच्या कमिशनचा निष्कर्ष अपुरा ठरला. श्वास पाहिला म्हणजे भीती नाही, हे लॉरी यांचे म्हणणे पूर्ण खरे नव्हते. श्वासही पाहिला पाहिजे आणि नाडीही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अधिक सुरक्षित औषधे मिळाली आणि क्लोरोफॉर्म हळूहळू मागे पडला.

मग लॉरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे श्रम फुकट गेले काय? तसे मुळीच नाही. एका माणसाने दुसरे काही न करता फक्त रोग्याची राखण करायची, हा त्यांचा नियम आजही टिकून आहे. हनुवटी उचलून श्वासाची वाट मोकळी करण्याची कृती आजही भूलतज्ज्ञाला आधी शिकवतात. चुकले ते उत्तर, पण काम करण्याची शिस्त बरोबर होती. आणि उत्तर चुकले हेदेखील प्रयोगानेच कळले. विज्ञानात गुरूंचा मान ठेवायचा असतो, पण त्यांचे म्हणणे तपासून पाहायला भ्यायचे नसते.

आज भूलशास्त्र ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे. एम. बी. बी. एस. झाल्यावर या विषयाची एम. डी. पदवी मिळवायला आणखी तीन वर्षे लागतात. रूपाबाईंना जो अभ्यासक्रम मिळाला नाही, तो आज आपल्या नागपूर-मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही शिकवला जातो. या शिकाऊ डॉक्टरांचे वर्ग भरतात. ते रबरी पुतळ्याच्या घशात नळी घालण्याचा सराव करतात. अवघड रोग्यांची माहिती मांडून तिच्यावर चर्चा करतात. १९४७ मध्ये भारतातील भूलतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली. तिच्या वार्षिक परिषदेत वडीलधारे डॉक्टर आणि नवे विद्यार्थी एकत्र बसतात, आणि एकाचा अनुभव शंभरांच्या उपयोगी पडतो. ऑपरेशनच्या वेळी बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र असते, हृदयाचे ठोके पडद्यावर दिसतात. तरी चांगले शिक्षक विद्यार्थ्यांना आजही सांगतात, की यंत्राकडे पाहा, पण आधी रोग्याकडे पाहा. दरवर्षी १६ ऑक्टोबर हा दिवस जागतिक भूलशास्त्र दिन म्हणून पाळतात.

आमच्या वर्गातला तो मुलगा ही गोष्ट ऐकून बराच वेळ शांत होता. आठ दिवसांनी तो तपासणीसाठी दवाखान्यात गेला. परत आल्यावर मधल्या सुट्टीत माझ्याकडे धावत आला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांचे नाव त्याने मला सांगितले. त्या एक बाई होत्या. तू झोपलास तेव्हा चोवीस हा अंक माझ्या लक्षात आहे, असे त्यांनी त्याला हसत सांगितले होते. त्याला मात्र आपण सहापर्यंतच मोजले असे वाटत होते. सातपासून चोवीसपर्यंतचे अंक त्याच्या आठवणीत नव्हते. ते कोणीतरी दुसऱ्याने, त्याच्यासाठी, नीट ऐकून लक्षात ठेवले होते.

शब्दार्थ

भूल – बेशुद्धी, बेहोशी
राखण – पहारा, सांभाळ
शल्यवैद्य – शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, जर्राह
बोथट होणे – धार कमी होणे
धडधाकट – सशक्त, तगडा
तह – करार, सुलह
निष्कर्ष – विचाराअंती काढलेले अनुमान, नतीजा
दिलासा – धीर, तसल्ली
विस्कळीत – मेळ नसलेला, बिघडलेला
पदविका – पदवीपेक्षा लहान प्रमाणपत्र, डिप्लोमा
अधीक्षक – देखरेख करणारा मुख्य अधिकारी

वाक्प्रचार

प्रश्नांची झोड उठणे – एकामागून एक अनेक प्रश्न विचारले जाणे
दुखणे अंगावर काढणे – उपचार न करता आजार सहन करणे
हातभार लावणे – मदत करणे
हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असणे – संख्येने फार थोडे असणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हैदराबादच्या वैद्यकशाळेत सुरुवातीला कोणत्या भाषेतून शिकवत?
(आ) रूपाबाईंनी वैद्यकशाळेत केव्हा प्रवेश घेतला?
(इ) लंडनहून कोणते डॉक्टर हैदराबादेत आले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लॉरी यांनी वैद्यकशाळेत कोणते दोन बदल केले?
(आ) भूल देताना रोग्याचे कपडे सैल का करावेत? हनुवटी का उचलावी?
(इ) रूपाबाई १९०९ मध्ये एडिंबरोला जाऊन काय शिकल्या? त्यांना ते का शिकावेसे वाटले?

३. चर्चा करा.
कमिशनचा निष्कर्ष पुढे अपुरा ठरला, तरी लॉरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे श्रम वाया गेले नाहीत, असे लेखक का म्हणतो? तुमचे मत सांगा.

४. वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
हातभार लावणे, दुखणे अंगावर काढणे.

५. उपक्रम
तुमच्या घरातील किंवा शेजारच्या ज्या व्यक्तीचे ऑपरेशन झाले असेल, त्यांना भेटा. भूल घेतानाचा अनुभव विचारा आणि दहा ओळी मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.